दुधनीला आईला झोप लागली

सिल्वासाहून परतल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलं, "तिथं बघण्यासारखं काय आहे हो?" मी बागांपासून सुरुवात केली, मग मधुबनच्या जलाशयापर्यंत आले आणि तिथंच अडकले. आईच्या झोपेची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगताच येईना. ती गोष्ट जिन्यात उभ्याउभ्या सांगण्यासारखी नव्हती, म्हणून इथं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही दोघी गेलो होतो, मी आणि माझी आई. मी एकोणसाठ वर्षांची. नाशिकच्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त होऊन मला वर्षही झालेलं नाही. सगळं आयुष्य पाळ्यांमध्ये गेल्यामुळे सकाळी जाग आल्यावर "आज कुठली ड्यूटी?" हा प्रश्न अजून पडतो, आणि "कुठलीच नाही" हे उत्तर आठवलं की मी पुन्हा कूस बदलते. दिवाळीनंतर मी तबल्याच्या क्लासला नाव घातलं. बोटं अजून वळत नाहीत, पण मजा येते.

आई ब्याऐंशीची. ती अंमळनेरला आपल्या दोन खोल्यांत एकटी राहते. नाशिकला माझ्याकडे ये म्हटलं की म्हणते, "तुझ्याकडे पाहुणी म्हणून येईन ना वं. तिथं माझा चहा माझ्या हातचा असतो." माझे यजमान गेल्यावरही ती महिनाभर राहिली आणि मी जेवायला लागल्याची खात्री झाल्यावर एसटीत बसून निघून गेली.

ह्या खेपेला मात्र ती लगेच तयार झाली, कारण पणती बघायची होती. माझी मुलगी पल्लवी सिल्वासात सुताच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, आणि जावई निखिल राखोलीच्या एका कंपनीत. त्यांची मनू दहा महिन्यांची. पल्लवीने फोनवर "आठ दिवस तरी या" म्हटलं आणि निखिल गाडी घेऊन न्यायला आला.

आमली

सिल्वासात शिरताना आई खिडकीला नाक लावून बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "इथं औषधांची दुकानं किती वं! माणसं फार आजारी पडतात का काय?" निखिल गालातल्या गालात हसला. शेजारी गुजरातेत दारूबंदी आणि इथं नाही, त्यामुळे हद्द ओलांडली की काचेच्या बाटल्यांनी भरलेली दुकानं सुरू होतात. मी आईला हे सांगितल्यावर तिने खिडकीची काच आणखी खाली केली. "मग नीट बघू तरी दे," म्हणाली.

पल्लवीचं घर सिल्वासाच्या आमली भागात, दुसऱ्या मजल्यावर. एका बाजूला सागाची झाडं आणि त्यांच्या डोक्यावरून दिसणारं कारखान्याचं धुरांडं. पाळी सुटली की खालच्या रस्त्यावरून सायकली आणि मोटारसायकली वाहायला लागतात, आणि त्यांच्याबरोबर हिंदी, गुजराती, भोजपुरी आणि आमची खानदेशी. जिना चढतानाच आईला कुणाचं तरी "काय चालू शे रे?" ऐकू आलं, आणि ती कठड्याला धरून खूश होऊन थांबली.

मनूने पहिल्या भेटीतच आईचा चष्मा ओढला. चहा झाला. मग पल्लवी माझा हात धरून मला आतल्या खोलीत घेऊन गेली.

"मम्मी, बघ. ही तुझी रूम."

नवा पलंग होता. आरशाचं नवं कपाट होतं. पडदे मला आवडतो तसल्या गर्द निळ्या रंगाचे होते. खिडकीशी एक बैठी गादी घातली होती. "ही तबल्यासाठी. आणि इथं एक सर शिकवतात, मी त्यांच्याशी बोलून ठेवलंय," पल्लवी म्हणाली. लहानपणी शाळेतून चित्र काढून आणल्यावर फुलायचा तसा तिचा चेहरा फुलला होता.

आई मागून येऊन दारात उभी राहिली होती. "आठ दिवसांच्या चार साड्यांना एवढं मोठं कपाट?"

"आठ दिवस कुठे, आजी! माझी रजा संपतेय ना. मम्मी आता इथंच राहणार. नाशिकला एकटीने काय करायचंय तिला?"

मी पडद्याचं कापड हातात घेऊन "सुंदर आहे गं" म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे पाहिलं, आणि मनूकडे गेली.

झाडाखालचा बाक

दुसऱ्या दिवशी सकाळी मनूला घेऊन आम्ही दोघी खाली उतरलो. इमारतीच्या आवारात बदामाच्या झाडाखाली सिमेंटचे दोन बाक आहेत. तिथं बसल्यावर मला एक गोष्ट कळली. त्या बाकांवरचं कुणीच मूळचं तिथलं नव्हतं. सगळे मुलांच्या नोकऱ्यांमागून आलेले आणि बहुतेक सगळे नातवंडांसाठी बोलावलेले. कुणी केरळहून, कुणी राजस्थानातून. एक पांढरे कपडे घातलेले आप्पा उठून आईला जागा देत म्हणाले, "बठा ना. कोन गावना तुम्ही?"

"अंमळनेरनी," आई एकदम अहिराणीत शिरली. "तुम्ही?"

"शिरपूरना."

एवढं पुरलं. पुढची पंधरा मिनिटं ती दोघं ओळखीच्या ओळखी काढत राहिली आणि शेवटी आप्पांच्या आत्याची सून आईच्या माहेरच्या गल्लीतली निघाली.

आप्पा सत्तरीचे. शेती भावाच्या मुलांनी घेतली, बायको वारली, आणि मुलाने इथं आणलं. मुलगा-सून दोघंही कारखान्यात, नातू शाळेत. "सकाळी नातवाला बसमध्ये बसवतो आणि दुपारी उतरवून घेतो," ते मला म्हणाले. "मधला वेळ माझा. पहिले सहा महिने तो वेळ खायला उठायचा ताई. मग हंसाबेन भेटल्या."

हंसाबेन शेजारीच बसल्या होत्या, हातात पत्त्यांचा जोड. नवसारीच्या बाजूच्या, अडुसष्ट वर्षांच्या, कपाळावर मोठं कुंकू आणि पायात मुलाचे जुने बूट. त्यांनी आईला विचारलं, "बा, मेंढीकोट आवडे छे?"

मला हसू आलं. अंमळनेरच्या गल्लीत आईबरोबर मेंढीकोट खेळायला माणसं दबकून असतात. आईने पदर खोचला आणि म्हणाली, "येतो थोडाबहुत."

त्या दुपारी आईने आप्पांना भिडू घेतलं आणि चारही दश्श्या आपल्याकडे ओढून हंसाबेनवर आणि त्यांची भिडू म्हणून माझ्यावर कोट चढवला. हंसाबेननी पत्ते खाली टाकले. "अरे, ही बा तर डाकू निकळी!" मनू माझ्या मांडीवर टाळ्या वाजवत होती. तिला काय कळलं कुणास ठाऊक.

संध्याकाळी हंसाबेननी आम्हाला उंबाडियुं खायला बोलावलं. रताळी, सुरण, बटाटे आणि वालपापडीच्या शेंगा मडक्यात भरायच्या, वर वासाचा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. हंसाबेनचा मुलगा ते इमारतीच्या मागे मोकळ्या जागेत करतो. मडकं फोडल्यावर जो वास सुटला तो मला लिहून दाखवता येणार नाही. आईने हिरव्या चटणीबरोबर तीन रताळी खाल्ली आणि निकाल दिला, "आपल्या भरताच्या खालोखाल."

तिथंच ठरलं. रविवारी दुधनीला, मधुबनच्या जलाशयावर जायचं. आप्पांच्या ओळखीच्या एकाची गाडी होती. जाणारे चौघंच, आप्पा, हंसाबेन, आई आणि मी.

पल्लवीला सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता थांबली. "बरोबर कोण आहे?"

"आम्हीच."

"म्हणजे बरोबर कुणीच नाही. मम्मी, आजी ब्याऐंशीची आहे! पुढच्या रविवारी आम्ही नेतो ना. निखिलला सुट्टी असेल तेव्हा."

"तू नेशील तेव्हा तुझ्याबरोबर पण येईन," आई आतून म्हणाली. "हे माझ्या भिडूबरोबर आहे."

शेवटी पल्लवीने पाण्याच्या बाटल्या भरून दिल्या, गोळ्यांची डबी दिली, दोन टोप्या दिल्या, आणि माझ्या मोबाईलमध्ये लोकेशन चालू करून दिलं. "चारला परत हं, मम्मी." मी हो म्हणाले. मीही आईला एसटीत बसवताना असंच सगळं बजावत असते, आणि आईसुद्धा असंच हो म्हणते.

दुधनी

खानवेल सोडलं की रस्ता डोंगरांत शिरतो. भातकापणी होऊन गेली होती. खाचरांत नुसती पिवळी बुडखं आणि त्यांत चरणारी गुरं, मधे ताडाची उंच झाडं, आणि एका वळणावर अचानक सगळं पाणीच पाणी. मधुबनचं पाणी डोंगरांच्या बोटांमधून आत शिरलेलं आहे. कुठं संपतं ते दिसत नाही. त्या दिवशी वारा नव्हता. डोंगर पाण्यात उलटे दिसत होते.

काठावर शिकारे लागलेले होते, रंगीत छपराच्या आणि गाद्या घातलेल्या होड्या. आमच्या वाट्याला आलेल्या शिकाऱ्याचे नावाडी रामजी, चाळिशीचे, दुधनीकडचेच. आईला आत चढवायला मी एका हाताला आणि आप्पा दुसऱ्या हाताला. मी "सावकाश, सावकाश" म्हणत होते तेव्हा आई चढून गादीवर बसलीसुद्धा होती, आणि पाय घसरला तो माझा. गुडघ्यापर्यंत चिखल. हंसाबेन इतक्या हसल्या की शिकारा डुलायला लागला. रामजी म्हणाले, "बाई, म्हातारीला ऱ्हाऊ द्या, तुम्हीच धरून बसा."

पाण्यात गेल्यावर वल्ह्याचा तेवढा आवाज. आईने पाण्यात बोटं सोडली होती. ती एवढंच म्हणाली, "असं कुणी आपल्याला फिरवतंय, आणि आपण नुसतं बसायचं. मला अशी सवयच नाही वं." आणि मग हसली. "पण जमेल."

अर्ध्या-पाऊण तासाने आई माझ्या कानाशी आली. तिला जाऊन यायचं होतं. आणि बाथरूम राहिलं मागच्या काठावर, लांब. मी रामजींना हळूच सांगितलं. त्यांनी समोरच्या काठाकडे हात केला. "माझं घर तठंच हाय. चला."

ते घर म्हणजे चढावर दोन कुडाची घरं, एक मोठं आणि त्याच्या अंगालाच एक लहान, दोन्ही शेणाने सारवलेली. लहान घरापुढे रामजींची आई नाचणी पाखडत बसली होती. सत्तरीची की ऐंशीची, सांगता येईना. तिलाही सांगता येत नव्हतं. आईचं काम उरकल्यावर म्हातारीने आम्हाला आग्रहाने बसवलंच. मागच्या मांडवात बाज होती, वर दोडक्याचा वेल. रामजींची बायको मोठ्या घरात भाकरी थापायला बसली.

"ही तुमची खोली वेगळी?" मी म्हातारीला लहान घराकडे बोट दाखवून विचारलं.

"माझं घर," ती म्हणाली. "त्यांचं ते."

"किती सांगलं, आमच्यात ये," रामजी म्हणाले. "नाय आयकत. कोंबड्या तिच्या येगळ्या, चूल येगळी. मासळी आणली तं अर्धी मागून घेते."

"अर्धीच मागते," म्हातारीने दुरुस्ती केली, आणि आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. दोघींना एकमेकींचं अर्धंच बोलणं कळत होतं, पण त्यांनी त्याची फिकीर केली नाही. आमच्याकडे वेगळं राहायचं म्हटलं की भांडण झालं असं लोक धरून चालतात. इथं दोन घरांच्या मधे एक कोंबडी बसण्याएवढं अंतर होतं आणि कुणीच कुणावर रागावलेलं नव्हतं. पाण्याकडे हात करून म्हातारीने सांगितलं, की तिचं पहिलं घर तिथं खाली होतं, धरण झालं तेव्हा वर आले. सांगितलं आणि पुन्हा नाचणी पाखडायला लागली.

मग नाचणीची गरम भाकरी आली, सुक्या बोंबलाची चटणी आली, आणि हंसाबेन मासळी खात नाहीत म्हणून त्यांना लसणाचं तिखट. आप्पांनी चार भाकरी खाल्ल्या. वर ताक. आणि जेवण झाल्यावर आई "जरा पाठ टेकते" म्हणून बाजेवर आडवी झाली आणि तिला झोप लागली.

आता हे मला नीट सांगायला हवं. आई दिवसा झोपत नाही. मी तिला दुपारी झोपलेली कधी पाहिली नव्हती. लहानपणी आम्ही चौघं भावंडं, शिवाय घरात सासू-सासरे, दीर, आलेगेले. पुढे माझ्या पाळ्या आणि छोटी पल्लवी. तेव्हा आई पन्नाशीची, अंमळनेरचं घर वडिलांवर सोपवून माझ्याकडे येऊन राहिलेली. रात्रपाळी करून मी सकाळी येऊन झोपायचे आणि स्वयंपाकघरात तिची भांडी वाजत असायची. आता एकटी असते तरी दुपारी काही ना काही निवडत असते. आणि इथं, अनोळखी मांडवात, बाजेवर, हात डोक्याखाली घेऊन, तोंड किंचित उघडं ठेवून ती गाढ झोपली होती. वेलाची सावली चेहऱ्यावर हलत होती.

मी घड्याळ बघितलं. उठवायला वाकले. हंसाबेननी माझा हात धरला. "सुवा दे ने, बेन."

"चारला पोचायचंय."

"कोण म्हणाला?" आप्पांनी विचारलं.

मी म्हणाले, "पल्लवी."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खांबाला टेकून डोळे मिटले. हंसाबेननी बूट काढले. म्हातारी आपल्या उंबऱ्यात पाय पसरून बसली. मला पाच मिनिटं तळमळल्यासारखं झालं. मग मीही सारवलेल्या जमिनीवर आडवी झाले. वर पाहिलं तर दोडक्याची पिवळी फुलं. गुडघ्यावर बोटांनी तीनतालाचा ठेका धरला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा समेवर आला. बघायला कुणी नव्हतं. इतकं बरं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

आई उठली तेव्हा उन्हं कलली होती. "अरे देवा," ती म्हणाली, आणि मग, "चहा आहे का?"

आम्ही चहा घेतला. म्हातारीने आईच्या ओटीत नाचणी घातली, आईने आपल्या बोटातली साधी चांदीची अंगठी काढून तिच्या बोटात सरकवली. ती गळून पडेल एवढी सैल होती. म्हातारीने ती अंगठ्यात घातली. मग शिकाऱ्यातून परत निघालो. पाणी आता तांबूस झालं होतं. हंसाबेन गरब्याचं काहीतरी गुणगुणत होत्या आणि आप्पा चुकीच्या जागी टाळ्या देत होते.

काठ जवळ आला तशी मला पल्लवी दिसली. मनूला कडेवर घेऊन ती अगदी पाण्याशी उभी होती, आणि निखिल तिच्या मागे.

काठावर

"मम्मी, फोन कुठंय तुझा? साडेतीनपासून लावतेय! लोकेशन पाण्याच्या मधोमध अडकलंय. पाण्याच्या मधोमध! काय समजायचं मी?"

पलीकडे नेटवर्क नव्हतं. हे मी सांगितलं, पण ती ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. मी चिखलाच्या साडीत तिच्यासमोर उभी होते आणि शाळेत उशिरा पोचलेल्या मुलीसारखी खाली बघत होते.

"आजीला काही झालं असतं म्हणजे?"

"झालं ना," आई शिकाऱ्यातून उतरता उतरता म्हणाली. "मला झोप लागली."

पल्लवीला हसावं की रडावं कळेना. ती रडली. तिचं तोंड बघून मनूही रडायला लागली. निखिलने सगळ्यांसाठी चहा मागवला. त्या मुलाचं हे मला फार आवडतं, अडचणीत तो आधी चहा मागवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निखिलने अर्धा दिवस रजा घेतली होती. तो मनूला घेऊन खाली गेला होता. आम्ही तिघी स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. मी ठरवलं, आता नाही बोलले तर पडद्याचं कौतुक करत करत मी इथं राहून जाईन.

"पल्लू, मी इथं राहायला येणार नाही."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "का? माझं काही चुकलं का?"

"काही चुकलं नाही. खोली इतकी सुंदर केलीस. पण मला माझ्या घरी राहायचंय. सकाळी उठून आज काय करायचं ते मला ठरवायचंय. अजून मला ते नीट येतसुद्धा नाही. शिकायचंय."

"मग मी कसं करू, मम्मी?" ती रागावून नाही, अगदी खरं विचारत होती. "पुढच्या आठवड्यात जॉइन व्हायचंय. दहा महिन्यांची आहे ती. आजीने नाही का मला सांभाळलं? तू तर रात्रपाळ्या करायचीस. आजी होती म्हणून झालं ना सगळं?"

मी आईकडे बघितलं. मला वाटलं, ती म्हणेल, हो, मी केलं, आता तुझी पाळी.

आई मटार सोलत राहिली. "मी सांभाळलं तुला. मला फार आवडलं ते. तू गोडच होतीस." मग दाणे वाटीत टाकून म्हणाली, "पण मला कुणी विचारलं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तुझ्या आजोबांनी सांगितलं, जा, पोरीला गरज आहे. मी पिशवी भरली. विचारलं असतं तरी मी आलेच असते, पोरी. पण 'येते' म्हणायला मिळालं असतं."

आईच्या बोलण्यात तक्रार नव्हती. भाजीत मीठ किती टाकलं हे सांगावं तसं तिने सांगितलं. मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने माझ्यापुढे शेंगांचा ढीग सरकवला.

पल्लवी दाणे बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला भीती वाटायची, विचारलं तर तू नाही म्हणशील. म्हणून कपाटच आणलं."

त्यावर मात्र आम्ही तिघीही हसलो. हसता हसता पल्लवीने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं.

लगेच काही सगळं जमून आलं नाही. दोन दिवस ती माझ्याशी जपून बोलत होती, आणि मला अपराधी वाटत होतं. वाटलं तर वाटू द्यावं असं मी ठरवलं. आप्पांच्या सुनेने एक पाळणाघर सांगितलं. आमलीतच, साक्रीकडच्या एका बाईंचं, तळमजल्यावर दोन खोल्या. मी आणि पल्लवी जाऊन बघून आलो. मी नर्सच्या नजरेने दुधाच्या बाटल्यांपासून मोरीपर्यंत सगळं तपासलं. मनूने तिथल्या एका गुबगुबीत मुलाच्या डोक्यावर डबा वाजवला आणि ती दोघं खूश झाली. निखिलने कंपनीत बोलून पाळी बदलून घेतली, म्हणजे संध्याकाळी तो लवकर येणार. आणि गुरुवारी जेवताना पल्लवीने मला विचारलं, "मम्मी, तुला कधी कधी जमेल? तू सांग. मी तसं धरते."

"महिन्यातून एकदा येत जाईन. पाच-सात दिवस. क्लासचे दिवस सोडून."

"येशील ना?"

"येते," मी म्हणाले. आई ताटातलं लोणचं चाटत माझ्याकडे बघून हसली.

मग तिनेच बॉम्ब टाकला. "मी राहते इथं महिनाभर. ह्या उषाला जाऊ दे नाशिकला."

पल्लवी उडालीच. "आजी! मनूसाठी?"

"मनूसाठी पाळणाघर आहे ना. मी माझ्यासाठी राहते. भिडू चांगला मिळालाय, आणि हंसाबेन मला तिच्या नवसारीला नेणार आहे. मनूला मांडीवर घेईन, गाणी म्हणेन. रडली की तुझी. आणि सकाळचा चहा मी करीन, मला तुमचा तो पिशवीचा नको."

"चालेल," पल्लवी म्हणाली. आणि जरा थांबून, "नवसारीला बरोबर कोण?"

"आम्हीच," आई म्हणाली.

परतीची वाट

मला सोडायला निखिल निघाला होता, पण मी बसने जाते म्हटलं. स्टँडवर सगळेच आले. हंसाबेननी खाकऱ्याचा पुडा दिला, आप्पांनी शिरपूरच्या मिरच्यांचा ठेचा. आई मनूचा हात धरून हलवत होती. बस सुरू झाली तेव्हा मला नाशिकच्या स्टँडवरची आठवण आली. तिथं मी खाली उभी असते आणि ती आत खिडकीशी. ती कधी मागे वळून बघत नाही असं मला वाटायचं, वाईट वाटायचं. आत बसल्यावर कळलं, पुढे बघण्यासारखंच इतकं असतं.

खानवेल गेलं. डोंगर सुरू झाले. नाशिकचं घर बंद होतं, दूध सुरू करायला दूधवाल्याला मी अजून सांगितलेलं नव्हतं, क्लास सोमवारी. आज शुक्रवार. वाटेत जव्हार लागतं. नाशिकला इतकी वर्षं राहून मी तिथं कधी उतरले नव्हते. राजवाडा आहे म्हणतात, आणि एका कड्यावरून मावळतीचा सूर्य बघायला लोक जमतात.

कंडक्टर आले. "कुठं, ताई? नाशिक?"

"जव्हार," मी म्हणाले.

"कुणी आहे का तिथं?"

"नाही," मी म्हणाले, आणि सुटे पैसे काढले.